घर पाहावे तिकीट काढून

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी दुसऱ्याचे घर पैसे मोजून पाहण्याची कल्पना कोणाच्या मनाला शिवली नसावी. राजवाडे आणि गढ्या पाहण्याची रीत जुनी आहे. परंतु एखाद्या विमा व्यावसायिकाचे, डॉक्टरचे किंवा दुकानदाराचे राहते घर पाहायला माणसे देश ओलांडून जातात, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. पॅरिसला गेलेला शहरी पर्यटक उपनगरी गाडी पकडून प्वासी गाठतो, अमेरिकेत पिट्सबर्गहून मोटारीने जंगलातल्या एका धबधब्यावरच्या घरापर्यंत जातो आणि झेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात एका घराच्या तिकिटासाठी कित्येक आठवडे आधी नाव नोंदवतो. ल कार्बुझिए, फ्रँक लॉइड राइट, मीस व्हॅन डेर रोह या वास्तुरचनाकारांची ही घरे आता त्या त्या शहरांच्या पर्यटनाचा भाग झाली आहेत. ही केवळ हौशी मंडळींची चैन आहे, की त्यातून आपल्या शहरांनीही काही घ्यावे, याचा विचार करायला हवा.

राहणाऱ्यांची तक्रार, पाहणाऱ्यांची दाद

या घरांच्या कथेत एक मोठी विसंगती आहे. ज्यांच्यासाठी ती बांधली गेली, त्यांतल्या अनेकांना ती सुखाची झाली नाहीत. प्वासी येथील व्हिला सावॉय हे घर ल कार्बुझिए यांनी १९२८ ते १९३१ या काळात बांधले. बारीक खांबांवर उचललेला पांढरा ठोकळा, आडव्या खिडक्यांची सलग पट्टी, वर नेणारा उतार आणि गच्चीवरची बाग ही त्याची वैशिष्ट्ये आज जगभरच्या वास्तुकलेच्या वर्गांत शिकवली जातात. प्रत्यक्षात या घराचे सपाट छत गळत होते आणि घरमालकीण त्याबद्दल वास्तुरचनाकाराला वारंवार तक्रारीची पत्रे लिहीत होती. १९४० मध्ये सावॉय कुटुंबाने घर सोडले. युद्धकाळात आधी जर्मन आणि नंतर अमेरिकी सैन्याने त्याचा वापर केला.

शिकागोपासून सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या फार्न्सवर्थ हाऊसची कथा याहून कडवट आहे. डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी मीस व्हॅन डेर रोह यांनी १९५१ मध्ये पोलाद आणि काचेची एकच मोठी खोली नदीकाठी उभी केली. वाढलेल्या खर्चावरून दोघे न्यायालयात गेले. जमिनीपासून उंच उचललेल्या या घरात फॉक्स नदीचे पाणी १९५४, १९९६ आणि २००८ मध्ये शिरले. चारही बाजूंनी काच असल्यावर राहणाऱ्याला आडोसा कोठला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. आज मात्र हीच काच पर्यटकांच्या कौतुकाचा विषय आहे. राहणाऱ्यासाठी जो जाच होता, तो तासाभरासाठी येणाऱ्याला आनंद वाटतो.

तिकिटाने वाचलेली घरे

असे असले तरी, ही घरे आज उभी आहेत ती पाहणाऱ्यांमुळेच, हे नाकारता येत नाही. व्हिला सावॉयची जागा १९५८ मध्ये प्वासीच्या नगरपालिकेने शाळेसाठी ताब्यात घेतली आणि घर पाडले जाण्याची चिन्हे दिसू लागली. देशोदेशीच्या वास्तुरचनाकारांनी आवाज उठवला, तेव्हाचे फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी लक्ष घातले आणि १९६५ मध्ये, ल कार्बुझिए यांच्या निधनाच्याच वर्षी, या घराला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आज ते सरकारी राष्ट्रीय स्मारक संस्थेच्या देखरेखीखाली आहे.

अमेरिकेत सरकारऐवजी विश्वस्त संस्था पुढे आल्या. राइट यांचे धबधब्यावरचे ‘फॉलिंगवॉटर’ हे घर पिट्सबर्गच्या कॉफमन या व्यापारी कुटुंबाचे. मालकाच्या मुलाने ते १९६३ मध्ये निसर्ग संवर्धन करणाऱ्या एका संस्थेला दिले आणि पुढच्या वर्षी ते लोकांसाठी खुले झाले. तेव्हापासून ५० लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले आहे. धबधब्यावर झेपावणाऱ्या त्याच्या काँक्रीटच्या सज्जांना बाक आला, तेव्हा पोलादी तारांचा ताण देऊन त्यांना आधार देण्याचे काम २००२ मध्ये पुरे झाले. फार्न्सवर्थ हाऊस २००३ मध्ये लिलावात निघाले, तेव्हा ते दूर नेले जाईल अशी भीती होती. संवर्धन संस्थांनी देणग्या गोळा करून ७५ लाख डॉलरला ते विकत घेतले. जे लोकांना ठाऊक नाही, त्याच्यासाठी देणगी कोण देणार? घर पाहून आलेला माणूस हाच त्या घराचा पुढचा रक्षक ठरतो.

पर्यटनाची किंमतही मोजावी लागते. ब्रनोमधील व्हिला तुगेन्धात मीस यांनी १९३० मध्ये पूर्ण केली. तिचे ज्यू मालक १९३८ मध्ये देश सोडून गेले. १९३९ मध्ये नाझी पोलिसांनी घर जप्त केले. युद्धानंतर तेथे नृत्यशाळा चालली आणि पुढे मुलांवर पाठीच्या कण्याचे व्यायामोपचार झाले. चेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनाची निर्णायक बोलणी १९९२ मध्ये झाली ती याच घरात. २०१०-१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ते पुन्हा मूळ स्वरूपात उभे राहिले. पण मूळ स्वरूप म्हणजे १९३० चे. त्यानंतरची माणसे त्यातून पुसली जातात. पाहणाऱ्यासमोर उरते ती चकचकीत वस्तू. याला चांगला अपवाद नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात आहे. तेथील रिटफेल्ड-श्रोडर घर १९२४ मध्ये बांधले गेले आणि त्रुस श्रोडर १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे राहिल्या. सरकत्या भिंतींनी वरचा मजला दिवसा मोकळा आणि रात्री खोल्यांचा कसा होतो, हे लहान गटांना तेथे दाखवले जाते. घर म्हणजे राहण्याची पद्धत, ही गोष्ट तेथे विसरली जात नाही.

आपल्याकडचे चित्र

भारतात या वारशाची कमतरता नाही. अहमदाबादमधील गिरणीमालकांनी ल कार्बुझिए यांच्याकडून पन्नासच्या दशकात साराभाई आणि शोधन यांची घरे, गिरणीमालक संघाची इमारत आणि संस्कार केंद्र अशा चार वास्तू करवून घेतल्या. युनेस्कोने २०१६ मध्ये सात देशांतील त्यांच्या १७ कामांना जागतिक वारसा ठरवले, तेव्हा भारतातून फक्त चंडीगडचा कॅपिटॉल परिसर निवडला गेला. पुढच्याच वर्षी अहमदाबादला वारशाचा मान मिळाला, तो तटबंदीच्या आतील पोळांच्या जुन्या शहराला. ही आधुनिक घरे त्या मानाच्या बाहेरच राहिली.

चंडीगडने काही पावले टाकली आहेत. शहराच्या घडणीत मोठा वाटा असलेले पिएर जानरे सेक्टर ५ मधील ज्या घरात राहत, ते २०१७ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले. त्याआधी मात्र जानरे यांच्या शैलीतील सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या भंगाराच्या भावात विकल्या जाऊन युरोप-अमेरिकेतील लिलावांत झळकल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सेक्टर १ ते ३० मधील स्वतंत्र घरांचे मजलेवार सदनिकांत रूपांतर करण्यास मज्जाव केला, तेव्हा शहराच्या मूळ आखणीचाच आधार घेतला गेला.

इतरत्र मात्र कायदा या वास्तूंकडे पाहतच नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचे संरक्षण मिळण्यास वास्तू किमान १०० वर्षे जुनी असावी लागते. स्वातंत्र्यानंतरच्या इमारती त्यात बसत नाहीत. दिल्लीच्या प्रगती मैदानातील हॉल ऑफ नेशन्स एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त झाले. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील लुई कान यांची वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२० मध्ये आला, निषेधानंतर मागे घेतला गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा डोके वर काढून उभा राहिला. सार्वजनिक संस्थांच्या इमारतींची ही गत, तर खासगी घरांची कथा काय सांगावी! जमिनीचे भाव वाढलेल्या शहरात एखाद्या बंगल्याचा निकाल शेवटी वाटणीपत्र आणि चटईक्षेत्र लावतात.

मुंबईला मात्र दुसरी बाजूही ठाऊक आहे. १९९५ च्या वारसा नियमावलीने वयाचा अडसर न ठेवता वास्तूंची प्रतवारी केली आणि ओव्हल मैदान व मरिन ड्राइव्ह परिसरातील रहिवाशांच्या पुढाकाराने तेथील आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्या इमारतीकडे कौतुकाने पाहणारे लोक आहेत, हे कळल्यावर तिच्यात राहणाऱ्यांचीही नजर बदलते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. घर हे जिवंत असते. त्याला काचेच्या पेटीत ठेवणे म्हणजे त्याचे घरपण हिरावून घेणे. चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईतील बेलापूर येथे ऐंशीच्या दशकात लहान अंगणांभोवती घरांचे पुंजके रचले, ते कुटुंबांनी गरजेनुसार वाढवावेत याच हेतूने. रहिवाशांनी ते इतके बदलले की अनेक मूळ घरे आज ओळखूही येत नाहीत. तरीही वास्तुकलेचे विद्यार्थी तेथे जातात आणि अंगणांची रचना टिकून असल्याचे पाहून येतात. प्रत्येक घर संग्रहालय होऊ शकत नाही आणि होऊही नये.

परंतु सगळे जतन करणे आणि काहीच न जतन करणे यांच्यामध्ये मोठी जागा आहे. विसाव्या शतकातील निवडक घरांची यादी करणे, मालकाला मालमत्ता करात सवलत देऊन वर्षातील काही दिवस लहान गटांना प्रवेश देण्याची अट घालणे, आणि दुरुस्तीचा काही भार सार्वजनिक निधीतून उचलणे, इतके तरी महापालिकांना जमण्यासारखे आहे. मालकाच्या खासगीपणाचा मान राखूनही हे होऊ शकते.

परदेशी जाऊन तिकिटाच्या रांगेत उभा राहणारा आपला पर्यटक आपल्याच शहरातील अशा घराच्या बंद फाटकावरून रोज जातो. ते फाटक वर्षातून दोन दिवस उघडले, तर पुढे ते घर पाडायला आलेल्या यंत्रासमोर उभे राहणारे चार लोक निदान असतील.