ड्रेसरचा रंग नंतर, आधी तो कशाचा आहे ते विचारा

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि जरा रागात लिहिलेली आहे. आधीच सांगून ठेवते.

परवा आपल्याच एका पालकांच्या ग्रुपवर एका आईनं विचारलं, "लेकाच्या खोलीसाठी ड्रेसर घ्यायचाय, कुठला घेऊ?" चाळीसेक उत्तरं आली. पांढरा घे, राखाडी आता जुना झाला, लाँग वीकेंडपर्यंत थांब, सेल लागतो. एकानं कूपन कोडही टाकला. ड्रेसर कशाचा बनलाय, हे एकानंही विचारलं नाही. आणि आपण तीच माणसं, जी मुलांच्या दह्याच्या डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचतो!

मग नेहमीची दोन वाक्यं आलीच. पहिलं, "इथलं फर्निचर म्हणजे पुठ्ठा हो. आमच्या आजोबांचं सागवानी कपाट अजून ठणठणीत आहे." दुसरं, "दोन-चार वर्षांचा तर प्रश्न आहे, मग परत जायचंच आहे. स्वस्तातलं घ्या." हे दुसरं वाक्य मी बारा वर्षं ऐकतेय. म्हणणारे सगळे अजून इथेच आहेत. मीसुद्धा.

माझं भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे.

सगळ्याला पुठ्ठा म्हणणं म्हणजे चिक्की, बेसनवडी आणि चिरोटा तिन्हींना "गोड" म्हणून मोकळं होणं. पार्टिकल बोर्ड ही चिक्की: लाकडाचा चुरा आणि कपच्या रेझिनमध्ये कालवून, गरम दाबाखाली थापलेल्या. एमडीएफ ही बेसनवडी: लाकडाचे तंतू सुटे करून दाबलेले, आतून-बाहेरून एकसारखी. प्लायवुड हा चिरोटा: पातळ पापुद्रे एकावर एक, आणि प्रत्येक थराचे रेषे खालच्या थराला आडवे. म्हणूनच तो दोन्ही दिशांना ताकद धरतो आणि हवामान बदललं तरी फारसा वाकडा होत नाही. त्या बाबतीत तो अख्ख्या सागाच्या फळीलाही भारी पडतो, आजोबांची क्षमा मागून.

एमडीएफलाही उगाच शिव्या देऊ नका. रंग द्यायच्या कपाटाच्या दाराला तो उत्तम. रेषा नाहीत, गाठी नाहीत, कोरीव कडा सुबक निघते. चांगल्या स्पीकरची खोकी त्याचीच करतात. पण त्याच्या कडेत भोक न पाडता स्क्रू मारला की तो उभा चिरतो. पाणी प्यायला की फुगतो आणि पुन्हा बसत नाही. शिवाय जड: आठ बाय चार फुटांची अठरा मिलिमीटरची शीट साधारण चाळीस किलो भरते.

पार्टिकल बोर्ड सगळ्यात स्वस्त, म्हणून आपल्या घरांत सगळ्यात जास्त. बाजूच्या फळ्यांना, छोट्या कप्प्यांना चालतो. लांब फळीला मात्र नाही. माझं गराजमधलं पहिलं शेल्फ त्याचंच होतं, तीन फूट रुंद. त्यावर आईनं पाठवलेले दिवाळी अंक ठेवले आणि वर्षभरात फळीचा झोपाळा झाला. यामागे साधं गणित आहे: तेवढंच वजन आणि तेवढीच जाडी ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, तर ती आठपट वाकते. आणि त्याच जाडीचा प्लाय पार्टिकल बोर्डापेक्षा बराच ताठ असतो. म्हणून पुस्तकांना प्लाय घ्या, नाहीतर मध्ये आधार द्या.

"दोन-चार वर्षं" म्हणणाऱ्यांसाठी तर हा बोर्ड सगळ्यात वाईट. चुऱ्यात स्क्रू एकदा घट्ट बसतो. सोडवून पुन्हा मारला की भोक भुसभुशीत होतं. लीज संपली, घर बदललं, ड्रेसर उघडला-जोडला, असं दोनदा झालं की तो डुलायला लागतो. स्वस्तातलं घेतलं म्हणता, आणि तिसऱ्या घरात पुन्हा नवीन घेता.

आता रेझिन. या बोर्डांत सर्रास वापरलं जाणारं युरिया-फॉर्माल्डिहाइड हळूहळू फॉर्माल्डिहाइड वायू सोडत राहतं. २००४ मध्ये आयएआरसीनं तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. कतरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारनं ट्रेलर दिले होते. २००८ मध्ये सीडीसीनं त्यातली ५१९ घरं तपासली, तेव्हा सरासरी ७७ पीपीबी निघालं, साध्या घरात असतं त्याच्या कितीतरी पट. पुढे २०१० मध्ये अमेरिकेत कायदा झाला. आज मर्यादा आहेत: हार्डवुड प्लायला ०.०५ पीपीएम, पार्टिकल बोर्डाला ०.०९, एमडीएफला ०.११. खोक्यावर किंवा मागच्या बाजूला "टीएससीए टायटल सिक्स" असं लिहिलेलं असतं. ते शोधा. युरोपीय महासंघात ६ ऑगस्ट २०२६ पासून फर्निचरची मर्यादा ०.०६२ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. ब्रिटनमधल्यांनी दुकानात "ई-वन आहे का?" असं सरळ तोंडानं विचारावं. आणि आखातातल्या मंडळींनो, उष्णता आणि दमट हवा वाढली की हा वायू जास्त सुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये एसी बंद करून, घर कुलूप लावून गावी जाता ना? परत आल्यावर मुलांना आत घेण्याआधी सगळ्या खिडक्या, कपाटं, खण उघडा.

कुणी म्हणेल, किती घाबरवते बाई! नाही हो. कायद्यातला बोर्ड घ्या, नवीन ड्रेसर बाळ यायच्या आदल्या दिवशी नको, दोन-तीन महिने आधी आणून खोलीत हवा खेळती ठेवा. बस्स.

घाबरायचं असेल तर पुढच्या गोष्टीला घाबरा. ड्रेसर पोराच्या अंगावर पडतो. २०१६ मध्ये आयकियानं अमेरिकेत २ कोटी ९० लाख ड्रेसर आणि खणांची कपाटं परत मागवली, कारण त्यांखाली मुलं दगावली होती. "आमचा जड आहे, हलत नाही," हे मला ऐकवू नका. या ड्रेसरचं वजन पुढच्या खणांत असतं, पाठीला नुसता तीन मिलिमीटरचा पत्रा. पोरानं तीन खण उघडून पायऱ्या केल्या की सगळा भार पुढे येतो, आणि मग तोच जडपणा पोराच्या छातीवर. १ सप्टेंबर २०२३ नंतर बनलेल्या ड्रेसरना अमेरिकेत कडक चाचणी आहे: खण भरून, उघडून, खाली गालिचा आहे असं धरून, वर चढणाऱ्या मुलाचा जोर लावून.

आणि आपण कुठून घेतो? "इंडियाला परत जातोय, मूव्हिंग सेल" मधून! वीस डॉलरमध्ये, २०१२ चा. जुन्या बोर्डातला वायू बराचसा उडून गेलेला असतो, तो फायदा मान्य. पण तो त्या चाचणीतून गेलेला नाही, आणि भिंतीला बांधायची पट्टी मागच्या मागच्या मालकानं केव्हाच हरवलेली असते.

"भाड्याचं घर आहे, भोक पाडलं तर डिपॉझिट जाईल." हे वाक्य मी शिकल्यासवरल्या आईबापांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता मला बोलवत नाही. ड्रायवॉलमधलं भोक पाच-सात डॉलरच्या लांबीनं बुजतं. पट्टीचं एक टोक भिंतीतल्या स्टडमध्ये मारा, नुसत्या ड्रायवॉलमध्ये नाही. स्टड सहसा सोळा इंचांवर असतात. दुसरं टोक पाठीच्या पातळ पत्र्याला अजिबात नको. बाजूच्या जाड फळीला किंवा वरच्या आडव्या पट्टीला, आधी बारीक भोक पाडून.

आज रात्री पोरं झोपली की ड्रेसर पुढे ओढा, टॉर्च मारून मागे बघा: कशाचा आहे, शिक्का कुठला, तारीख कुठली, पट्टी आहे का. फोटो खाली टाका, बोर्ड ओळखायला मी मदत करते. सेंट्रल जर्सीत कुणाला स्टड सापडत नसेल तर मेसेज करा. शनिवारी ड्रिल आणि स्टड फाइंडर घेऊन येईन, चहा मात्र आल्याचा लागेल.