पडदा काळा, गाणं चालू!

सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट आणि शनिवारी ई-मायनर! अशी डबल लाइफ जगणारे किमान दोन तरी मित्र तुमच्या ऑफिसात असतीलच. नसले, तर बहुतेक तुम्हीच त्यातले एक! ही मंडळी कँटीनमध्ये गिटारबद्दल कमी आणि पायाखालच्या मशीनबद्दल जास्त बोलतात. प्रोसेसर, पॅच, प्रीसेट, बँक... आपण आपले चहात खारी बुडवत 'हं हं' करायचं. हप्त्यावर घेतलेलं ते मशीन बेडरूमच्या ट्यूबलाइटखाली दिसतंही एकदम सही. निळा डिस्प्ले, पांढरी अक्षरं, मिनी विमानच जणू. पण हेच विमान मे महिन्यात दुपारी चार वाजता उघड्या मैदानात उतरवा. मग बघा गंमत.

ओपन एअर शोचं वेड आपल्याकडे आजचं नाही. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेन्डन्स रॉक'चं घर कित्येक वर्षं धोबीतलावचं रंगभवन होतं आणि तिथे प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. पुढे २००८ मध्ये नाशिकच्या द्राक्षमळ्यात 'सुलाफेस्ट' आला, २०१० मध्ये पुण्यात 'एनएच सेव्हन वीकेण्डर'. फरक इतकाच, की रंगभवनाच्या सुरुवातीच्या काळात गिटारिस्टच्या पायाशी बघण्यासारखं फारसं काही नसायचं. बॉसचा डीएस-१ हा १९७८ चा पेडल घ्या. तीन नॉब, एक लाल दिवा, खेळ खल्लास. आता मात्र अख्खा साउंड एका चार बोटांच्या पडद्यामागे बंद असतो. तो पडदा रुसला, की भल्याभल्यांच्या हाताला घाम फुटतो.

हा घाम मी जवळून पाहिलाय. कुठल्या फेस्टिव्हलला नाही, देवळ्यात!

कसमादेचं ऊन

देवळा म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चौघांची पहिली अक्षरं जोडून या पट्ट्याला 'कसमादे' म्हणतात. कांद्याचा मुलूख. आमच्या ग्रुपमधला गिटारिस्ट इथला. नोकरी हिंजवडीत, बँड पुण्यातला, पण बहिणीची हळद गावी. मग काय, आम्ही सगळे एका गाडीत कोंबून मुंबई-आग्रा हायवेने निघालो आणि चांदवडजवळ सोग्रस फाट्याला वळलो.

स्टेज कांद्याच्या चाळीशेजारच्या मोकळ्या वावरात. चारला साउंडचेक झालं, सगळे जेवायला गेले आणि पेडलबोर्ड राहिला स्टेजवर. वर कापड नाही, काही नाही. साडेपाचला परत येऊन बघतो, तर प्रोसेसरचा पडदा जळलेल्या तव्यासारखा काळाकुट्ट. एक अक्षर दिसेना.

"संपलं. मशीन उडालं," एवढंच बोलून आमचा हिरो खुर्चीत बसला. त्याचं टेन्शन नुसतं मशीनचं नव्हतं. त्याच्या वडिलांनी त्याला आजवर कधी स्टेजवर पाहिलं नव्हतं. कांद्याच्या पैशातून त्यांनीच कॉलेजात असताना पहिली गिटार घेऊन दिली होती आणि सकाळपासून ते प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, 'आज आमचा वाजवणारे.'

तेवढ्यात साउंडवाला आला. गावचाच, वयाने आमच्याहून लहान. त्याने वाकून गिटारच्या तारेवर नख मारलं. स्पीकरमधून 'टण्ण' असा खणखणीत आवाज आला. म्हणाला, "दादा, आवाज येतोय ना? मंग पडद्याचं काय लोणचं घालायचंय?"

आख्ख्या ट्रबलशूटिंगचा फंडा या एका वाक्यात आहे. डिस्प्ले मरणं आणि मशीन मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी कान लावा, मग डोळे.

रांग मोडली की काळोख

तो पडदा का काळा पडला? एलसीडी म्हणजे लिक्विड क्रिस्टल. दोन काचांच्या मध्ये या क्रिस्टलचा पातळ थर असतो आणि दोन्ही बाजूंना पोलरायझरची फिल्म. क्रिस्टलचे रेणू शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे शिस्तीत असतात आणि त्या शिस्तीवरच प्रकाश कुठे अडवायचा, कुठे सोडायचा हे ठरतं. पडदा फार तापला, की शिस्त मोडते. रेणू साध्या द्रवासारखे सैरावैरा होतात आणि डिस्प्लेच्या प्रकाराप्रमाणे पडदा पूर्ण काळा तरी पडतो किंवा पूर्ण कोरा तरी. साध्या एलसीडीची कामाची मर्यादा साधारण ० ते ५० अंश सेल्सिअस असते. हवा चाळिशीत असली, तरी उन्हात ठेवलेली काळी धातूची पेटी त्याच्या कितीतरी पुढे जाते. हात लावून बघा, चटका बसेल. दिलासा असा, की थंड झाल्यावर रेणू बहुतेक वेळा निमूट रांगेत येतात.

आम्ही मशीन बंद करून टेबलाखाली सावलीत ठेवलं आणि फॅन लावला. एक काका बर्फाची पिशवी घेऊन धावत आले होते, त्यांना प्रेमाने थांबवलं. एकदम गार केलं तर आत दव धरतं आणि मग खरोखरच सर्किटची वाट लागते.

पण मुहूर्त काही रेणूंसाठी थांबत नाही. नवरीला पाटावर बसवलं, गाण्याची फर्माईश आली. पडदा अजून काळाच. मित्राने मशीन उचललं, चालू केलं आणि डोळे मिटून आठवलं. पहिला पॅच क्लीन, दुसरा कोरस, तिसरा क्रंच, चौथा लीड. वर जायचं तर उजवा स्विच, खाली यायचं तर डावा. पहिली तीन गाणी त्याने अशीच, पायाने मोजत वाजवली. चौथ्या गाण्याला ऊन चाळीमागे गेलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातून फिकट अक्षरं हळूच वर आली.

रात्री जेवताना वडिलांनी विचारलं, "त्या पेटीत काहीच दिसत नव्हतं म्हणे. मग वाजवलं कसं?"

"मोजून."

"हं," ते म्हणाले. "रात्रीची लाइट असली, की आम्ही पण अंधारात असंच पाणी भरतो. पावलं मोजून." आणि त्याच्या ताटात अजून एक मांडा वाढायला सांगितला. एवढंच. पण मित्राचा चेहरा बघण्यासारखा होता!

रोग ओळखा, मग औषध

उघड्यावर डिस्प्ले दगा देतो तो साधारण चार तऱ्हांनी. ओळखायला अर्धा मिनिट पुरतं.

*नीट दिसत नाही?* पडद्यावर हाताची सावली धरा. अक्षरं दिसली, तर मशीन ठणठणीत आहे, दोष सूर्याचा. झूम ५०५ सारख्या जुन्या मशीनवरचे लाल आकडेसुद्धा भर उन्हात असेच गायब होतात. सिस्टीमच्या मेन्यूत बहुतेक एलसीडी मशीनना 'कॉन्ट्रास्ट' असतो, तो थोडा हलवून बघा. ट्यूनर घेताना बाहेरचा विचार करा. बॉसच्या टीयू-३ ला खास जास्त उजेडाचा मोड आहे, तर टीसी इलेक्ट्रॉनिकचा पॉलिट्यून आजूबाजूचा प्रकाश ओळखून स्वतःच उजेड वाढवतो.

*पूर्ण काळा?* आधी गॉगल काढा! हसू नका. पोलराइज्ड गॉगल आणि एलसीडी, दोघांतही पोलरायझर. दोन्ही आडवे-उभे आले, की पडदा काळा दिसतो. मान तिरकी केल्यावर अक्षरं परतली, तर गुन्हेगार तुमच्या नाकावर बसलाय. गॉगल नसेल आणि पेटी तापली असेल, तर औषध वर सांगितलंय: सावली, वारा आणि धीर.

*मंद, लुकलुकणारा, मधेच रीस्टार्ट होणारा?* हा उन्हाचा नाही, करंटचा आजार. जनरेटरवर एकदम हॅलोजन पेटले, की व्होल्टेज बसतं. जुन्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरमधून ही घसरण थेट मशीनपर्यंत पोचते. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला हलका अडॅप्टर ती बरीच पचवतो. एकाच अडॅप्टरवर सहा पेडल लटकवले असतील, तर सगळ्यांचे मिलिअँपिअर एकदा जोडून बघा. बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं.

*वरच्या ओळीत नुसतेच काळे चौकोन?* म्हणजे पडद्याला करंट मिळतोय, पण मशीनने त्याला काय लिहायचं ते सांगितलेलंच नाही. बंद करा, दहा सेकंद थांबा, परत चालू करा. पुन्हा तेच झालं, तर त्या दिवसापुरतं त्याला रजा द्या आणि रिपेअरवाला गाठा.

थंडीची गोष्ट याच्या उलट. जानेवारीत नाशिककडे पारा एक आकडी होतो, तेव्हा एलसीडी आळसावतो. जुनी अक्षरं पुसायला वेळ घेतो, नवी उमटायला आणखी वेळ. तो बिघाड नसतो. मशीन थोडं लवकर चालू करून ठेवायचं, बस.

गिगच्या आधीची पंधरा मिनिटं

स्टेज ठरत असतानाच मावळतीची दिशा विचारून घ्या. आयोजक पाहुण्यांच्या डोळ्यांची काळजी घेतात, त्यामुळे सूर्य पाहुण्यांच्या पाठीशी आणि तुमच्या तोंडावर येतो. जमलं तर उलटं करून घ्या. स्टेजचा मागचा पडदा मग फुकटात सावली देतो.

साउंडचेक झालं, की बोर्डवर पांढरा सुती पंचा टाका. काळी बॅग टाकू नका, ती अजून तापते. काळ्या पुठ्ठ्याचं छोटं छप्पर कापून डिस्प्लेवर टेपने चिकटवा. कॅमेऱ्याच्या हूडची ही सख्खी बहीण, खर्च दहा रुपये.

फोनवर किंवा टॅबवर कॉर्ड बघून वाजवणाऱ्यांनी जास्त जपायचं. अ‍ॅपल स्वतःच आयफोन, आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगते. त्यापुढे स्क्रीन मंद होतो आणि मग तापल्याची पाटी लावून मोकळा होतो. म्हणून एक कागद, जाड स्केचपेन आणि चार कपड्यांचे चिमटे. बॅटरी लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एका गिगला चारच पॅच, गाण्यांच्या क्रमाने, एकापुढे एक. घरी दिवा बंद करून एकदा अख्खी सेटलिस्ट वाजवा. अडखळला नाहीत, तर कुठल्याही वावरात जायला तुम्ही तयार आहात.

सो, पुढच्या पगाराला नवं मशीन घ्यायला दुकानात जाल, तेव्हा एसीतला तो निळा-जांभळा डिस्प्ले बघून लगेच लट्टू होऊ नका. दुकानदाराला गोड हसून विचारा, "काका, हे जरा दोन मिनिटं बाहेर उन्हात नेऊ का?"