अंजनवेलचा हिशेब आणि खाडीपट्ट्याचा ठराव

परदेशी कंपनीला सरकारचा एखादा निर्णय जाचक वाटला, तर तिने इथल्या न्यायालयात न जाता तीन खासगी लवादांसमोर भारताला प्रतिवादी म्हणून उभे करावे का? गुंतवणूक करारांतल्या या तरतुदीचा दिल्लीत पुन्हा विचार सुरू झाला आहे. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी अशा करारांचा आदर्श मसुदा गुंतवणूकदारांना अधिक अनुकूल करण्याची घोषणा केली. तेव्हापासून ‘अनुकूल’ म्हणजे ‘लवादाची वाट मोकळी’ असे अनेकजण गृहीत धरून बोलू लागले आहेत. मला हे मुळातून चूक वाटते.

महाडच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलसारख्या गावाला हा विषय दूरचा वाटेल, पण तो दूरचा नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. त्यांचे सांडपाणी सावित्रीच्या खाडीत जाते आणि त्याची झळ खाडीपट्ट्याने, इथल्या मासेमारीने सोसली आहे. उद्या लोकांच्या रेट्याने शासनाने नियम कडक केले, एखादा कारखाना बंद ठेवायला सांगितला, आणि मालक परदेशी निघाला, तर तो मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला पाहिजे. तिथे खाडीकाठचा माणूसही हस्तक्षेप अर्ज घेऊन उभा राहू शकतो. लवादाच्या खोलीत मात्र सरकार आणि कंपनी हे दोघेच पक्षकार. ज्याचे पाणी, तो बाहेर.

समर्थकांचा पहिला मुद्दा भांडवलाचा. करारातले संरक्षण नसेल तर पैसा येणार नाही, असे ते सांगतात. त्यांनी म्हाप्रळ, मंडणगड, दापोली करत दाभोळची खाडी ओलांडावी आणि अंजनवेलला यावे. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या तीन अमेरिकी कंपन्यांच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. भारत आणि अमेरिका यांच्यात गुंतवणूक संरक्षण करार तेव्हा नव्हता, आजही नाही. तरी या कंपन्या आल्या, कारण नफा दिसत होता. १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला, कंपनी करारातल्या अटीनुसार लंडनच्या लवादाकडे गेली, वाटाघाटी झाल्या, प्रकल्प पुन्हा सुरू झाला. मे १९९९ मध्ये वीज मिळू लागली आणि मे २००१ मध्ये न परवडणारी ती वीज राज्य वीज मंडळाने घेणे थांबवले. पुढची गोष्ट महत्त्वाची. भारत-मॉरिशस करार २००० साली अमलात आला होता. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी मॉरिशसमध्ये नोंदवलेल्या आपल्या कंपन्यांच्या नावाने २००३ मध्ये भारत सरकारवरच दावा लावला. २००५ मध्ये तडजोड झाली तेव्हा बेक्टेलच्या पदरात सुमारे १६ कोटी डॉलर आणि जनरल इलेक्ट्रिकच्या पदरात सुमारे साडेचौदा कोटी डॉलर पडले. गुंतवणूक आधी आली, करार नंतर आला. त्या कराराने अंजनवेलला एक रुपयाही आणला नाही. तो फक्त वसुलीच्या कामाला आला. आणि ज्या देशाशी आपला करार नव्हता, त्या देशातल्या कंपन्यांनी तिसऱ्याच देशाच्या दारातून येऊन तो वापरला.

वीज मंडळाने शब्द मोडला, नियामक आयोग आणि न्यायालये यांनी कंपनीची लवादाची वाट अडवली, अशी त्यांची तक्रार होती. ती मी उडवून लावत नाही. पण ठरलेली किंमत न मिळणे हा दोन पक्षांतला व्यवहाराचा वाद आहे. त्याचा निवाडा त्या व्यवहारात ठरलेल्या मंचावर आणि न्यायालयांत व्हावा. त्यासाठी उभ्या देशाच्या धोरणाला जामीन ठेवण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा अधिक जड आहे: भारतीय न्यायालये मंद आहेत. हे खरेच आहे. कोल इंडियाविरुद्ध २००२ मध्ये मिळालेल्या निवाड्याची अंमलबजावणी इथे नऊ वर्षे अडकली, म्हणून व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०११ मध्ये भारताविरुद्ध लवाद जिंकला. पण महाडच्या माणसाने या मुद्द्यावर दबण्याचे कारण नाही. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केला. तळे खासगी आहे असे म्हणत काही सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांवर दावा लावला, आणि निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात. नऊ वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या विलंबाने किती घसे कोरडे ठेवले हे विसरता येणार नाही. तरी तो दावा उघड्या न्यायालयात चालला, पुरावे सर्वांसमोर तपासले गेले, अपिले झाली आणि हक्क कायमचा लिहिला गेला. हाच वाद ‘मालमत्तेचे नुकसान’ म्हणून तीन लवादांच्या बंद खोलीत गेला असता, तर तहानलेल्यांची बाजू कोणी मांडली असती? न्यायालये मंद असतील तर न्यायाधीश वाढवा, व्यापारी खटल्यांची न्यायालये सुधारा. तुडीलच्या मच्छीमारालाही तोच उशीर भोवतो. एकट्या परदेशी कंपनीला त्यातून सोडवणे म्हणजे न्याय नव्हे.

पूर्वलक्षी कराचे उदाहरण नेहमी पुढे येते आणि तिथे सरकार चुकले होते, हे मान्यच करायला हवे. व्होडाफोन जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली होती. संसदेने मागच्या तारखेपासून कायदा बदलून तो निकाल निष्फळ केला. २०२० मध्ये व्होडाफोन आणि केर्न, दोघीही लवादात जिंकल्या, केर्नने पॅरिसमधल्या भारतीय मालमत्तांवर टाच आणली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कायदा मागे घेतला गेला. लवादाच्या दबावाने एक चूक सुधारली, हे खरे. पण ज्या दारातून करदाता आला, त्याच दारातून कचरा टाकणाराही येतो. मेक्सिकोतल्या ग्वादालकासार या गावाच्या पालिकेने घातक कचऱ्याच्या प्रकल्पाला बांधकाम परवाना नाकारला. मेटलक्लॅड या अमेरिकी कंपनीने उत्तर अमेरिकी व्यापार कराराखाली दावा केला आणि ऑगस्ट २००० मध्ये लवादाने मेक्सिकोला सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर भरायला सांगितले. पालिका पक्षकार नव्हती. आपल्या ग्रामपंचायतीच्या जागी तिला ठेवून पाहा. त्याच कराराची जागा घेणारा नवा करार २०२० मध्ये अमलात आला, तेव्हा अमेरिका आणि कॅनडा यांनी आपापसांतली ही तरतूद काढून टाकली. जे त्यांना स्वतःला नको झाले, ते आपण का मागून घ्यावे?

भारतीय कंपन्यांनाही बाहेर संरक्षण लागते, हा शेवटचा युक्तिवाद. मग माणसांचे काय? खाडीपट्ट्यातल्या कितीतरी घरांचा खर्च आखातातल्या पगारावर चालतो. शारजात कुणाचा पगार थकला तर त्याने तिथल्याच सरकारी यंत्रणेचे किंवा न्यायालयाचे दार ठोठावायचे असते. संयुक्त अरब अमिरातीला आंतरराष्ट्रीय लवादासमोर खेचण्याचा हक्क त्याला कुठल्याच कराराने दिलेला नाही. तिथल्या गुंतवणूकदाराला मात्र भारताविरुद्ध तो आहे. २०१६ च्या आदर्श मसुद्यात कंपनीने आधी पाच वर्षे देशी न्यायालयांत दाद मागावी अशी अट होती. अमिरातीबरोबरच्या २०२४ च्या करारात ती तीन वर्षांवर आली.

वाट दुसरी आहे आणि भारताने ती चालून दाखवली आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन यांच्याशी मार्च २०२४ मध्ये झालेल्या करारात कंपन्यांना सरकारवर दावा लावण्याची सोय नाही. तरीही पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचे उद्दिष्ट त्यात लिहिले आहे. मतभेद झाले तर सरकारे सरकारांशी बोलतील. नवा मसुदा याच पायावर उभा राहावा. तो होईपर्यंत पाच वर्षांची अट परत आणावी, आरोग्य, पाणी आणि पर्यावरणाचे निर्णय लवादाच्या कक्षेबाहेर ठेवावेत आणि तिसऱ्या देशातल्या नावापुरत्या कंपनीला दाव्याचा हक्क नाकारावा. अशा करारांना आपल्याकडे संसदेची मंजुरी लागत नाही. म्हणून सही होण्याआधी मसुदा संसदेत आणि विधानसभेत चर्चेला ठेवावा, कारण जमीन, पाणी आणि पंचायत हे राज्यांचे विषय आहेत. खाडीपट्ट्यातल्या ग्रामसभांनी येत्या सभेत हीच मागणी ठराव करून तहसीलदारांमार्फत मंत्रालयात आणि रायगडच्या खासदारांकडे पाठवावी.