उपवासाआधी डोस बदला

नवरात्रात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मोहटादेवीच्या गडाकडे अनेकजण उपाशीपोटी चालत निघतात. त्यांत मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणारेही असतात. डोस रोजचाच, पोटात अन्न नाही, वर पायपीट. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली उतरायला एवढे पुरते.

दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बडबड. यात्रेच्या गर्दीत हे अंगात आले किंवा दारू चढली असे वाटू शकते, आणि तिथेच मोलाची मिनिटे जातात.

माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. शेंगदाण्याचा लाडू उशिरा लागू पडतो. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये, १०८ला फोन करावा.

श्रद्धेपुढे ‘उपवास करू नका’ हा सल्ला टिकत नाही. म्हणून डोस आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावा, आणि यात्रेतल्या प्रत्येक वैद्यकीय पथकाकडे ग्लुकोमीटर हवाच.