एका ओळीत सपाट

काल पुन्हा तीच ओळ बघितली आणि डोकं फिरलं.

[गाव फॉर गावं इन तालुके फॉर गाव इन गावं]

आम्ही चार टाळकी वीकेंडला चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांच्या याद्या जुळवत बसतो. (प्रत्येकाला काहीतरी खूळ असतंच.) ओळ लिहिणारं पोरगं जाम खूष. "एका ओळीत फ्लॅटन केलं!" केलंस रे बाबा, पण काय सपाट केलंस ते पाहिलंस का?

आता गडचिरोलीचंच घ्या. 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा झालेला जिल्हा, 12 तालुके. त्यात धानोरा तालुक्यात मेंढा. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव. पण लिहिताना लोक 'मेंढा (लेखा)' लिहितात, कारण मेंढा नावाची गावं आणखीही आहेत. लेखा हे बाजूचं गाव, कुठला मेंढा ते सांगायला. म्हणजे बिनशिकलेल्या माणसालाही कळतं की नुसतं नाव पुरत नाही! आणि आपण इंजिनियर लोक तालुका फेकून देतो, वर यादी सेटमध्ये घालून 'डुप्लिकेट' काढतो. झालं, दोन गावांचं एक गाव. वनहक्क नक्की कुणाचा मग?

पुढची गंमत. घरांची यादी अशीच सपाट करा. आपल्या विदर्भात रिठी गावं असतात: महसुली दप्तरात नाव आहे, जमीन आहे, राहणारं कुणी नाही. त्यांची घरांची यादी रिकामी. आतला लूप शून्य वेळा फिरतो, एरर नाही, काही नाही, गाव गायब.

आणि एखाद्या तालुक्यात यादीच्या जागी चुकून नुसती 'लेखा' ही स्ट्रिंग आली तर? पायथन तिचे चार तुकडे करतो, ल, एकाराची मात्रा, ख, काना, आणि चार गावं म्हणून खुशाल पुढे ढकलतो.

लिस्ट कॉम्प्रिहेन्शनशी माझं वैर नाही हो. 2000 साली पायथन 2.0 मध्ये आलं, हॅस्केलवरून उचललेलं, मी रोज वापरतो. चेन.फ्रॉम_इटरेबल सांगणाऱ्यांनाही नमस्कार, पण तालुका तिथेही हरवतोच. सरळ दोन फॉर लूप लिहा. गावासोबत तालुका न्या. रिकामी यादी दिसली की तिची वेगळी नोंद करा. सहा ओळी होतील, होऊ द्यात की!

पोराचं उत्तर आलंय: "पण दादा, टेस्ट तर पास होतायत." उघडून बघितली. टेस्टमध्ये तीन तालुके, एकही रिकामा नाही, एकही नाव दोनदा नाही.