तारापूरच्या दारातला कायदा



डिसेंबर २०२५मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा 'शांती' कायदा मंजूर केला. १९६२चा अणुऊर्जा कायदा आणि अणुअपघातातील भरपाईचा २०१०चा कायदा, दोन्ही त्याने मोडीत काढले. एवढी मोठी उलथापालथ, पण तिची चर्चा अर्थविषयक पानांपलीकडे फारशी आलीच नाही.

हा कायदा हवाच होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९६९मध्ये तारापूरला अणुवीज तयार होऊ लागली. त्यानंतर साडेपाच दशकांत देशाची क्षमता ९,००० मेगावॉटपर्यंतही पोचली नाही. २०४७पर्यंत १ लाख मेगावॉट गाठायचे, तर एका सरकारी महामंडळाच्या बळावर ते होणे नाही. खासगी भांडवलाला वाट मिळाली हे चांगले झाले. त्याआधी २०२५च्या अर्थसंकल्पाने लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटींची तरतूद केली होती आणि २०३३पर्यंत किमान पाच देशी भट्ट्या सुरू करण्याचे ठरवले होते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आखलेल्या २०० आणि ५५ मेगावॉटच्या पहिल्या भट्ट्या तारापूरलाच प्रस्तावित आहेत.

काळजी वाटते ती भरपाईची. सदोष यंत्रामुळे अपघात झाला, तर केंद्र चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून पैसे वसूल करण्याचा हक्क २०१०च्या कायद्याने दिला होता. त्यामागे भोपाळची वायुदुर्घटना होती. परदेशी कंपन्या त्याच कलमावर अडून बसल्या, आणि आता करारात लिहून घेतले असेल तरच यंत्रातल्या दोषाची वसुली करता येईल. चालवणाऱ्याची जबाबदारी भट्टीच्या आकारानुसार १०० कोटींपासून ३,००० कोटींपर्यंत. त्यापुढचा भार सरकारवर, म्हणजे तुमच्या-आमच्या करांवर.

पुरवठादार असा मोकळा झाल्यावर लोकांच्या हाती उरते ती फक्त देखरेख. १९८३मध्ये सरकारी आदेशाने स्थापलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला अखेर कायद्याचा आधार मिळाला, ही या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. महालेखापरीक्षकांनी २०१२मध्येच मंडळाच्या दुबळेपणावर बोट ठेवले होते. पण मेगावॉटचे उद्दिष्ट ठरवणारे केंद्र सरकारच मंडळावरची माणसे नेमणार असेल, तर एखादी भट्टी बंद ठेवा असे सांगण्याची हिंमत त्यांच्यात कुठून येणार? शिवाय माहिती गोपनीय ठरवण्याचा जुना अधिकार नव्या कायद्यातही शाबूत आहे.

कोकणाने अणुविजेची किंमत मोजली आहे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. जैतापूरच्या अणुप्रकल्पविरोधी आंदोलनात एप्रिल २०११मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. 'लोकांना विज्ञान कळत नाही' हे तेव्हाही ऐकवले गेले. त्यांना नीट सांगितले कोणी?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. तारापूरच्या नव्या भट्ट्यांचे काम सुरू होण्याआधी त्यांचा सुरक्षा अहवाल मराठीत छापावा, चिंचणीपासून डहाणूपर्यंतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावा, आणि नियामक मंडळाच्या अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत बसून प्रश्नांना उत्तरे द्यावीत.