आरोग्यचिंतन : शिखरजीची वंदना आणि हिवताप

चातुर्मास समाप्त झाला, दीपावली पार पडली, की सांगली-कोल्हापूरपासून विदर्भापर्यंत अनेक घरांत श्री सम्मेद शिखरजीच्या यात्रेचे बेत ठरू लागतात. रेल्वेचे आरक्षण, धर्मशाळेतील खोली, वृद्धांसाठी डोली यांची चिंता आधीपासून वाहिली जाते. हिवतापाचा विचार मात्र बहुधा घरी परतल्यावर ताप आला म्हणजेच सुचतो. पारसनाथ पर्वत झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यात आहे. झारखंडच्या वनमय, डोंगराळ भागात हा रोग आजही आढळतो आणि पावसाळ्यानंतरचे महिने त्या दृष्टीने विशेष जपण्याचे असतात.

पाण्याविषयीचा आपल्या यात्रेकरूंचा कटाक्ष सर्वश्रुत आहे. पाणी गाळून, उकळून घेतल्याने पोटाचे अनेक विकार टळतात. हिवताप मात्र पाण्यातून किंवा अन्नातून येत नाही. तो ॲनॉफेलिस जातीच्या मादी डासाच्या दंशाने येतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात या रोगाचे परजीवी आढळले, तेव्हापासून हे ज्ञान आपल्याजवळ आहे. म्हणून प्रवासात दंश टाळणे हाच पहिला उपाय होय.

हा डास प्रामुख्याने सायंकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. येथे आपली दिनचर्याच साहाय्यास येते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबाने भोजनानंतर लगेच पूर्ण बाह्यांचे, सैल व फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि उघड्या त्वचेवर डास दूर ठेवणारे मलम लावावे. वेष्टनावर डीईईटी किंवा पिकारिडिन हा घटक आहे का, तो किती काळ प्रभावी राहतो, हे वाचून घ्यावे. दोन महिन्यांखालील बालकांना असे मलम लावू नये; त्यांना मच्छरदाणीतच ठेवावे.

शिखरजीच्या यात्रेत याहून महत्त्वाची वेळ पहाटेची आहे. चढ, टोंकांची वंदना आणि उतार मिळून सुमारे २७ किलोमीटरची वाट असल्याने पुष्कळ यात्रेकरू रात्री दोन-तीन वाजताच मधुबनहून निघतात. पुढचे तीन-चार तास अंधारात, झाडीतून आणि बहुधा अनवाणी चालणे होते. सायंकाळी लावलेल्या मलमाचा प्रभाव तोवर ओसरलेला असतो. म्हणून निघण्यापूर्वी ते पुन्हा लावावे. घोटे, पोटऱ्या आणि मान विसरू नये. डोलीत बसलेल्या वृद्धांचे पाय शालीने झाकावेत. चालणाऱ्यापेक्षा स्थिर बसलेल्या माणसास चावणे डासाला सोपे जाते.

निद्रेसाठी मच्छरदाणी घरूनच न्यावी. घडी केली की ती पिशवीच्या एका कोपऱ्यात मावते. तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात, फाटलेली जागा आधीच शिवून घ्यावी. जाळीला हात-पाय टेकले तर डास बाहेरूनही चावतो, याचे भान ठेवावे. डास मारण्याविषयी ज्यांच्या मनात संकोच असतो, त्यांच्यासाठी तर साध्या मच्छरदाणीसारखे दुसरे साधन नाही. तीत जिवाला इजा नाही आणि देहाचे रक्षणही होते. खोलीत पाणी साचू न देणे, बादली रिकामी करून पालथी ठेवणे, हाही यत्नाचाराचाच भाग आहे. पाणीच नसले, तर त्यात जीवोत्पत्तीही होत नाही.

हिवताप टाळण्यासाठी प्रवासाआधी घ्यावयाच्या गोळ्याही आहेत. पण त्या प्रत्येकाला लागू पडतातच असे नाही. प्रवासाचे ठिकाण, मुक्कामाचे दिवस, वय व अन्य आजार सांगून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डॉक्सिसायक्लिन दिल्यास ते प्रवासाच्या दोन दिवस आधी सुरू करून परतल्यानंतर चार आठवडे घ्यावे लागते. ही गोळी भरपूर पाण्यासह घ्यावयाची असते आणि घेतल्यावर लगेच आडवे व्हावयाचे नसते. रात्री पाणी वर्ज्य करणाऱ्यांनी ती सकाळच्या भोजनासोबत घ्यावी. गर्भवती व आठ वर्षांखालील मुले यांना हे औषध देत नाहीत. गर्भवतींना हा रोग अधिक घातक ठरतो. त्यांनी शक्य असल्यास यात्राच पुढे ढकलावी.

सर्वांत मोठा धोका यात्रा संपल्यावर संभवतो. दंशानंतर लक्षणे दिसण्यास सामान्यतः दहा ते पंधरा दिवस लागतात; कधी अनेक आठवडे, तर व्हायव्हॅक्स प्रकारात महिनेही जातात. तोवर यात्रेकरू सांगलीत किंवा पुण्यात आपल्या कामाला लागलेला असतो. थंडी वाजून ताप, डोकेदुखी, अंगदुखी, उलटी यांना ‘प्रवासाचा शीण’ समजून दोन-तीन दिवस काढले जातात. फाल्सिपेरम प्रकारचा हिवताप उपचारांवाचून एका दिवसातही गंभीर वळण घेऊ शकतो. म्हणून ताप येताच त्याच दिवशी रक्त तपासावे आणि ‘मी झारखंडला जाऊन आलो आहे’ हे वाक्य डॉक्टरांना न विचारता सांगावे. शासकीय आरोग्य केंद्रांत ही तपासणी व उपचार विनामूल्य मिळतात.

उपवास अथवा एकाशन चालू असल्यास तेही सांगावे. हिवतापावरील काही गोळ्या अन्नासोबतच घ्याव्या लागतात. ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडू नये. व्हायव्हॅक्सचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि त्यासाठीचा प्रायमाक्विनचा क्रम सामान्यतः चौदा दिवसांचा असतो. हा क्रम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पूर्ण करावा.

यंदा सामानाची यादी करताना मच्छरदाणी आणि मलम यांची नोंद अवश्य करावी, आणि परतल्यावर दिनदर्शिकेत पुढील चार आठवड्यांवर खूण करून ठेवावी. त्या काळात घरातील कोणासही ताप आला, तर विलंब करू नये. आपणा सर्वांची यात्रा निर्विघ्न पार पडो.